केकचे पाप कोणते?

वाढदिवसाच्या केकवर झोड उठवणे हा संस्कृतिरक्षणाचा सर्वांत स्वस्त मार्ग होऊन बसला आहे. व्यासपीठावरून पाश्चात्त्य अनुकरणाचा निषेध करायचा, टाळ्या घ्यायच्या आणि घरी परतताना नातवासाठी बाजारातून केकचा खोका बांधून घ्यायचा, हा क्रम अनेक सुसंस्कृत घरांच्या अंगवळणी पडला आहे. पेण आणि रोहा ही गावेही याला अपवाद नाहीत. खरा प्रश्न केक परका की आपला हा नाही. माणसाच्या जन्मदिनी घरातल्यांचे हात कामाला लागतात की केवळ पाकिटे उघडतात, हा आहे.

मेणबत्त्यांवरचा आक्षेप रास्तच आहे. निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी आणि अक्षता घेऊन ज्या घरात औक्षण होते, तिथे जन्मदिनी ज्योत उजळायची असते. फुंकून विझवायची नसते. अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फुंकर मारल्यानंतर केकच्या पृष्ठभागावरील जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. उष्ट्या-खरकट्याचा विवेक शिकवणाऱ्या आजीला मागासलेली ठरवणाऱ्या पिढीला हे प्रयोगशाळेकडून ऐकावे लागले, इतकेच.

पण मेणबत्ती गेली म्हणून केकही गेला पाहिजे, हे तर्कशास्त्र कोणते? खालून-वरून विस्तव ठेवून गोड पदार्थ भाजण्याची कला कोकणाला साहेबाने शिकवलेली नाही. रोहे-पेण परिसरातल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत श्रावणात निनाव होते. कणीक आणि बेसन तुपावर भाजायचे, नारळाचे दूध आणि गूळ घालून घट्ट होईपर्यंत शिजवायचे, जायफळ घालायचे आणि मग भांड्याच्या झाकणावरही निखारे ठेवून त्याचा वरचा थर खरपूस करायचा. तवसाचे धोंडस याच कुळातले. निनावाच्या वड्या पाडून खाणाऱ्या आजोबांनी नातवाच्या रव्याच्या केककडे पाहून नाक मुरडावे, हा अभिमान नव्हे. स्वतःच्याच स्वयंपाकघराची आत्मविस्मृती आहे.

केकचे पाप त्याच्या विकतपणात आहे. खोक्यातल्या त्या शुभ्र डोंगराला ‘क्रीम’ म्हणण्याची पद्धत असली, तरी बहुतेक वेळा तो वनस्पती तेलापासून बनवलेला, दुधाशी नाममात्र संबंध असलेला फेस असतो. त्यावरच्या भडक रंगांची कथा याहून वाईट. कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ साली केकचे २३५ नमुने तपासले, तेव्हा १२ नमुन्यांत आरोग्यास घातक कृत्रिम रंग सापडले. आणि ज्या गाण्याच्या सुरावर हे सारे कापले जाते, त्या ‘हॅपी बर्थडे’वर हक्क सांगून एक अमेरिकी कंपनी वर्षानुवर्षे पैसे वसूल करत होती, तो दावा तिथल्या न्यायालयाने २०१५ साली फेटाळला. वाढदिवसाच्या शुभेच्छेवरही मालकी सांगणाऱ्या बाजाराकडून वात्सल्याची अपेक्षा कोणी ठेवावी?

पेणसारख्या गावात तर या विकतपणाचे विशेष नवल वाटते. इथल्या कारखान्यांत गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून रेघ ओढतो. पोह्याचे पापड, मिरगुंडे आणि कुरडया घालणारे हात इथे घरोघर आहेत. जिथे शेल्याच्या काठावरची वेलबुट्टी हाताने उमटते, तिथल्या मुलाच्या केकवर यंत्रातून निघालेले, खाण्याच्या शाईचे छायाचित्र का असावे? वाकडेतिकडे का होईना, आईने किंवा थोरल्या बहिणीने ओल्या खोबऱ्याच्या किसाने काढलेले नाव त्या मुलाच्या लक्षात राहते.

वर्धापनाचा आपला विधी किती साधा, पाहा. मार्कंडेय आणि चिरंजीव यांचे पूजन करून तीळ-गूळ घातलेले दूध अर्धी ओंजळ प्यावे, असे धर्मशास्त्रीय निबंधग्रंथ सांगतात. त्या दिवशी कलह आणि हिंसा वर्ज्य. नखे-केस कापणेदेखील वर्ज्य. आज महाराष्ट्रात रस्त्याच्या मधोमध दुचाकीवर केक ठेवून तो तलवारीने कापणारे ‘भाऊ’ निपजले आहेत आणि त्यांच्यावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे नोंदवले जात आहेत. गंमत अशी की यांतल्या कित्येकांच्या फलकांवर शिवछत्रपतींचे चित्र असते. केकविरोधी व्याख्याने मात्र या भाऊंच्या गल्लीत सहसा होत नाहीत, ती महिला मंडळांत होतात.

रोह्यातच १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. त्यांचा जन्मदिन स्वाध्याय परिवार ‘मनुष्य गौरव दिन’ म्हणून पाळतो. एका व्यक्तीचा वाढदिवस प्रत्येक माणसाच्या गौरवाचा दिवस होऊ शकतो, हे ज्या गावाच्या सुपुत्राने दाखवले, तिथे तरी फलकबाजीची लाज वाटायला हवी.

महिला मंडळांचा उल्लेख आलाच आहे, तर एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. ‘घरी करा’ हा उपदेश आजवर पुरुषांनी बायकांना केला आहे. पहाटे दिवा-रोहा गाडी पकडणारी किंवा धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून परतणारी आई रात्री नऊला केक भाजत बसेल आणि बाप दिवाणावर बसून संस्कृती जपेल, ही वाटणी कोणत्या धर्मात बसते? रवा दह्यात भिजवणे, गूळ किसणे आणि नारळ खवणे यांसाठी मातृत्व लागत नाही. गणपतीची आरास रात्र-रात्र जागून करणाऱ्या पुरुषांना एका केकची आरास अवघड नाही.

सामग्रीची सबबही टिकत नाही. भट्टी नको. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू तापवून, वर झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास दिला की रव्याचा केक होतो. कुकर वापरायचा तर त्याची शिटी आणि रबरी कडी काढून ठेवायची आणि आत पाणी घालायचे नाही. दही, नारळाचे दूध, गूळ, वेलची, थोडे तूप आणि चिमूटभर सोडा इतके सामान कोकणातल्या कोणत्याही घरात असते. केक पूर्ण निवू द्यावा, मगच नाव काढावे. गरमावर खोबरे सुकते आणि अक्षरे विस्कटतात. निरांजन बाजूच्या ताम्हनात ठेवावे. औक्षण आधी, सुरी नंतर, आणि पहिला तुकडा ज्याने नारळ खवला त्याला.