राखणीला ठेवू नका, सोबत न्या



दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. घरोघरी सहलींचे बेत सुरू होतील. गाडीत कोण कोण बसणार हे मोजताना पुष्कळ घरांत एक वाक्य येतं, "तिला तिथं काय दिसणार? राहू दे घरी, घरालाही राखण होईल." माझी नजर गेली त्या वर्षी हे मी ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात मायाच होती, मला त्रास होऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तिचा आवाज ऐकत मी दारात उभी होते.

म्हणून ही कळकळीची विनंती. यंदा घरातल्या, गल्लीतल्या अंध किंवा अंधुक दिसणाऱ्या माणसाला सोबत न्या. आणि बेत ठरतानाच विचारा, "तुम्हाला कुठं जायचंय?"

काय दिसणार, याचं उत्तर आपल्याच धाराशिव जिल्ह्यात आहे. पुढं भाचीनं मला पावसाळ्यात नळदुर्गला नेलं. बोरी नदी भरून वाहत होती. पाणी महालाच्या बाजूचे नर आणि मादी हे दोन धबधबे दुरून एकच वाटत होते. जवळ गेल्यावर दोघांचे आवाज वेगळे ओळखू आले, चेहऱ्यावर तुषार आले. भाची म्हणाली, "मावशी, मी इतक्यांदा आले, पण आवाज दोन आहेत हे आज कळलं." तुळजापूरला चिंतामणीच्या दगडावर कौल घेताना तर डोळस माणूसही हातच ठेवतो. तिथं आपण सगळे सारखे. येडशीच्या रामलिंगाची झाडी, कुंथलगिरीचा पेढा, तुळजापूरच्या महाद्वारातला संबळ, यातलं काहीही डोळ्यांवाचून अडत नाही.

सोबत येणाऱ्यांसाठी काही गोष्टी. आमचा दंड धरून ओढू नका. तुमचं कोपर आम्हाला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढं चाला. पायऱ्या आल्या की चढायच्या की उतरायच्या ते सांगा, शेवटची पायरीही सांगा. तिकीट काढायला जाताना आम्हाला मोकळ्यात उभं करू नका, भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला हात लावून द्या. लॉजवर पोचलात की खोली एकदा हातानं दाखवा: कडी, बटणं, गरम पाण्याचा नळ, बाथरूमचा उंबरा. मग रात्री आम्हाला कुणाला उठवावं लागत नाही. आणि समोर काय आहे ते बोलत राहा. नुसतं "छान आहे" म्हणू नका, काय छान आहे ते सांगा.

माझ्या अंध मित्रमैत्रिणींनो, आपणही पुढं या. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र जवळ ठेवा. एसटीच्या साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे. पूर्ण अंध प्रवाशाला आणि सोबत्याला रेल्वेच्या स्लीपर डब्यातही ७५ टक्के सवलत मिळते. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून जा, म्हणजे गर्दीत काठी अडकणार नाही. लॉजला आधी फोन करून तळमजल्याची खोली मागा. आणि मनातलं बोला. पायऱ्या चढायच्या असतील तर "मला चढायचंय" म्हणा, दमला असाल तर तेही सांगा.

कंडक्टर बंधूंनो, थांबा आला की हाक द्या, एवढंही आम्हाला पुरतं. प्रशासनाला विनंती तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाबद्दल. तेरची प्रसिद्ध हस्तिदंती बाहुली काचेआड आहे, आणि ती तशीच जपली पाहिजे. पण तिची प्रतिकृती करून आमच्या हातात द्या. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून स्पर्शानं पाहायचं असं दालन आहे. संत गोरोबाकाका कुंभारांच्या गावात, जिथं मातीला हातांनीच आकार आला, तिथं हे का होऊ नये? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं संस्कृती आणि करमणूक हाही आमचा हक्क मानला आहे.

इंग्लंडमध्ये अमर लतीफ या अंध गृहस्थांनी २००४ मध्ये एक सहल कंपनी काढली. तिच्या सहलींत अंध आणि डोळस प्रवासी जोडीनं फिरतात. डोळस माणूस पाहिलेलं सांगतो आणि त्याला सहल स्वस्तात पडते. आपल्याला कंपनीही नको. १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस. गणेश मंडळांनी, बचत गटांनी, कॉलेजच्या मुलांनी त्या आठवड्यात भाषणांऐवजी एक सहल काढावी: जितके अंध, तितके सोबती, एक दिवस, जिल्ह्यातलंच एक ठिकाण.

गाडीत माणसं मोजाल तेव्हा आम्हालाही मोजा. घराला राखण म्हणून कुलूप आहेच.

आपली,
धाराशिवची एक दृष्टिहीन रहिवासी