पुस्तकांना कुलूप घालणाऱ्यांनो

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कपाटांना दिवसाढवळ्या कुलपं असतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही, याची मला चीड येते. संस्थाचालकांना वाटत नाही, प्राचार्यांना वाटत नाही, प्राध्यापकांना वाटत नाही. पोरांना तर ग्रंथालय असंच असतं असं वाटून गेलेलं आहे. मी आखाडा बाळापूरला राहतो. कळमनुरी, वसमत, हिंगोली, नांदेड या पट्ट्यातल्या कॉलेजांत माझं जाणं-येणं असतं. शेवाळा, दांडेगाव, डोंगरकडा इकडची पोरं माझ्या घरी पुस्तकं मागायला येतात. ज्यांच्या खिशात कॉलेजची फी भरल्याची पावती आहे, त्या पोरांनी पुस्तकासाठी माझ्यासारख्याच्या दारात का यावं? कुठल्याही एका कॉलेजाचं नाव मी घेणार नाही. दुखणं एकाचं असतं तर नाव घेतलं असतं.

काय चालतं ते सांगतो. अशाच एका कॉलेजात मी काउंटरपाशी उभा होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली.

"सर, कथेचं पुस्तक पाहिजे होतं."

"नाव काय पुस्तकाचं?"

"नाव नाही माहीत, सर. बघून घेते."

"बघून घ्यायला हे दुकान हाय का? नाव, लेखक, दाखल क्रमांक लिहून आण चिठ्ठीवर."

तिच्यापासून चार हातांवर काचेची कपाटं होती. काचेवर धूळ, आतली पुस्तकं एकमेकांवर आडवी रचलेली, निम्म्यांचे कणे भिंतीकडे. जाड अक्षरातली एक-दोन नावं वाचता येत होती, बाकी काहीच नाही. ज्या संगणकावर पुस्तकांची यादी होती, त्याचा पडदा काउंटरच्या आतल्या बाजूला वळवलेला. मुलीनं चिठ्ठी हातात घेतली, थोडा वेळ कपाटाकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं. तिची एसटी होती. चिठ्ठी तशीच काउंटरवर ठेवून ती निघून गेली.

जे पुस्तक तिनं कधी पाहिलेलंच नाही, त्याचं नाव ती आणणार कुठून? घरात पंचांग सोडून छापील कागद नाही. गावात वाचनालय असलं तर त्याचं दार उघडं दिसत नाही. शाळेत पुस्तकांची पेटी होती, ती मुख्याध्यापकांच्या खोलीत. लेखकाचं नाव पहिल्यांदा डोळ्याखालून जाण्याची तिच्या आयुष्यातली एकच जागा होती, ती म्हणजे हे कपाट. त्याच कपाटापुढे उभं करून तिला नाव विचारलं जातं. ज्याच्या घरी आधीपासून पुस्तकं आहेत, ज्याचा बाप मास्तर आहे, त्यालाच ही चिठ्ठी भरता येते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मजुराच्या पोरीला ती बाहेर काढते. वाचनाची गोडी नाही म्हणून नंतर तिच्याच नावानं बोटं मोडायला सगळे मोकळे.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपानं मांडले. त्यातला पहिलाच नियम असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. त्याच पुस्तकात ते एका परदेशी ग्रंथपालाची गोष्ट सांगतात. दोन सोडून सगळी पुस्तकं कपाटात परत आली म्हणून हा गृहस्थ खुशीत होता, आणि ती दोन आणायला एका प्राध्यापकाच्या घरी निघाला होता. युरोपात मध्ययुगात ग्रंथ साखळीनं फळीला बांधून ठेवत, तेही रंगनाथन सांगतात. त्यांची जयंती १२ ऑगस्ट, आपल्याकडे ती ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी फोटोला हार घालायचा, दोन भाषणं करायची आणि लगेच त्याच फोटोखालच्या कपाटाची किल्ली फिरवायची, याला मी ढोंग म्हणतो. ज्याचे नियम पाळायचे नाहीत त्याला हार घालू नका.

कुलूप का लागतं तेही मला ठाऊक आहे. सगळा दोष ग्रंथपालाच्या माथी मारून संस्थाचालकांना सुटू द्यायची माझी तयारी नाही. ग्रंथपाल चार्ज घेतो तेव्हा दाखल नोंदवहीतल्या प्रत्येक पुस्तकाखाली त्याची सही येते. पुस्तक गहाळ झालं की वसुली त्याच्याकडून होणार, ही भीती त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून घातलेली असते. निवृत्तीच्या वेळी पडताळणीत तूट निघाली तर कागद अडणार, हेही तो ऐकून असतो. पुस्तक वाचलं गेलं म्हणून त्याची पाठ कुणी थोपटत नाही. हरवलं तर मात्र मानेवर बसतात. असा माणूस कुलूपच लावणार. खुद्द केंद्र सरकारचा नियम याच्या उलट आहे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ मध्ये, स्पष्ट लिहिलं आहे की वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरावं, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करावी. ग्रंथालय वापरलं जाणार, वापरात थोडी झीज होणार, हे दिल्लीतल्या कारकुनी नियमाला कळतं. आमच्या संस्थांच्या कार्यकारिणीला ते का कळू नये? हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, मान्य. तोच धागा धरून आपल्या महाविद्यालय विकास समितीत ठराव करायला तुमचा हात कुणी धरला आहे? एका बैठकीचं काम आहे. ते होत नाही, कारण पुस्तकं कुलपात राहण्यात कुणाचंच काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त त्या एसटीनं आलेल्या मुलीचं.

आणि हा ग्रंथपाल कोण असतो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे त्याला ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, वर नेट किंवा सेट नाहीतर पीएच.डी. लागते. वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची. एवढं शिकलेल्या माणसाचं काम पोराला पुस्तकापर्यंत नेण्याचं आहे. त्याला आपण राखणदारीला बसवलं आहे. काही ठिकाणी तर तोही नाही. ग्रंथपाल निवृत्त झाला, जागा भरली गेली नाही, किल्ली शिपायाच्या कमरेला गेली. शिपाई रजेवर गेला की ग्रंथालय रजेवर. सरकारनं पदं अडवून ठेवायची आणि वाचन वाढवण्याचे कार्यक्रम काढायचे, हे एकाच तोंडानं कसं जमतं? १ ते १५ जानेवारी २०२५ या पंधरवड्यात 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' झाला. सामूहिक वाचन झालं, ग्रंथालयाची साफसफाई झाली, फोटो वर पाठवले. १६ जानेवारीला कुलूप उघडं राहिलं असं एक कॉलेज कुणी मला दाखवा, मी स्वतः तिथं जाऊन त्यांचे पाय धरीन.

वेळेचं तर विचारूच नका. ग्रंथालय उघडतं ते तास सुरू झाल्यावर आणि बंद होतं ते तास संपताना. बाळापूरला येणाऱ्या पोराचा दिवस एसटी ठरवते. सकाळची गाडी तासाला पोचवते, दुपारची किंवा संध्याकाळची गाडी गावाला नेते. त्या गाडीनंतर थांबलं तर वारंगा फाट्यापर्यंत काहीतरी धरून पुढे पायी, आणि मुलींना तेवढीही मुभा नसते. म्हणजे ग्रंथालयात जायचं तर तास बुडवायचा, नाही तर गाडी चुकवायची. मधल्या सुट्टीत जावं तर काउंटरवरच्यांचीही तीच जेवणाची सुट्टी. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास ग्रंथालयाला द्या, वर्गाला शिक्षकासकट तिथं घेऊन जा. याला पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही.

सगळ्यात संतापजनक प्रकार परीक्षेच्या तोंडावर होतो. हॉल तिकीट पाहिजे असेल तर आधी पुस्तकं जमा करा, नादेय प्रमाणपत्रावर ग्रंथालयाची सही आणा. पुस्तकाची गरज सगळ्यात जास्त असते त्या दोन आठवड्यांत ते हातातून काढून घेतलं जातं आणि कपाटात सुरक्षित ठेवलं जातं. मग पोरगं काय करतं? चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून गाइड आणतं, कुणाच्या तरी नोट्सचे मोबाईलवर काढलेले फोटो वाचतं आणि पेपर देतं. पुढं हेच प्राध्यापक पेपर तपासताना म्हणणार, की सगळ्यांनी तेच लिहिलंय. दुसरं काय लिहितील? मूळ पुस्तक तर तुम्ही जमा करून घेतलंत.

या पुस्तकांचा पैसा कुणाचा, हेही बघा. प्रवेशाच्या पावतीवर ग्रंथालय शुल्काची ओळ असते, बऱ्याच ठिकाणी ग्रंथालय अनामतीचीही असते. हळदीच्या शेतात दिवसभर वाकून मिळालेल्या मजुरीतून आईनं ते पैसे भरलेले असतात. अनामत परत मागायला तीन वर्षांनी कितीजण येतात, विचारा ऑफिसात. आणि खरेदी कशी होते? मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून विक्रेत्याच्या यादीवर खुणा करून. एकाच पाठ्यपुस्तकाच्या ढीगभर प्रती येतात. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. जुन्या अभ्यासक्रमाच्या त्या प्रती आता नुसत्या आकड्याला उरल्या आहेत. ग्रंथसंपदा इतके हजार म्हणून माहितीपत्रकात छापायला तो आकडा लागतो.

आकड्यांचा हा खेळ कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वेळी कळसाला पोचतो. ग्रंथालयाचा रोजचा वापर किती, हे मूल्यांकनात विचारलं जातं. प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर कसं तयार होतं ते मी एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे. समिती येण्याच्या आधीच्या आठवड्यात वर्गच्या वर्ग रांगेनं आणले, प्रत्येकाची वाचक नोंदवहीत सही घेतली, मागच्या तारखांची पानंही भरून घेतली आणि रांग तशीच बाहेर काढली. सही करून बाहेर आलेल्या एका पोराला मी विचारलं, आत काय बघितलं? तो म्हणाला, "रजिस्टर." विद्यार्थ्यांना खोटी सही करायला लावणारी जागा स्वतःला ज्ञानमंदिर म्हणवते, तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

आता कुणी म्हणेल, पोरं वाचतच नाहीत, मोबाईलमध्ये मान घालून बसतात. साफ खोटं आहे. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला मुंबईत चैत्यभूमीवर जाऊन बघा. अंगावर धड कपडा नसलेली माणसं तिथं पुस्तकं विकत घेतात, गठ्ठे बांधून गावाकडे आणतात. तिथं कुणी चिठ्ठी मागत नाही. पुस्तक उघड्यावर मांडलेलं असतं, हातात घ्यायचं, चाळायचं, पटलं तर घ्यायचं. नांदेड-हिंगोलीतल्या खाजगी अभ्यासिका बघा. तिथं पोरं महिन्याचे पैसे मोजून नुसती खुर्ची, दिवा आणि शांतता विकत घेतात. पोलीस भरतीची, तलाठ्याची, एमपीएससीची तयारी करणारी ही पोरं कालपर्यंत तुमच्याच कॉलेजात होती. खुर्ची, दिवा आणि शांतता तुमच्याकडे फुकट पडून होती, तुम्ही ती संध्याकाळी पाचला बंद केलीत.

विचारवंत नरहर कुरुंदकर आमच्या हिंगोली जिल्ह्यातले. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे, १५ जुलै १९३२ चा जन्म. शिक्षणाला हैदराबादेत मामांकडे, डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहिले. इंटरच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले आणि त्याच काळात त्यांचं वाचन मात्र अफाट होतं. पुढं हाच माणूस नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, महाराष्ट्र त्याचं ऐकायला सतरंजीवर बसला. त्यांच्या नावानं व्याख्यानं ठेवणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. आज एखादं पोरगं नापास होऊन वर्ष घरी बसलं, तर तुमचं ग्रंथालय त्याला कार्ड देतं का? देत नाही. नियमित प्रवेश नाही म्हणून फाटकावरूनच परत पाठवतं. ज्या पोराला पुस्तकाचाच आधार उरला आहे, त्याचा तोच आधार तुम्ही तोडता. मराठवाडा निजामाच्या राज्यातून बाहेर आला आणि १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज, तेव्हाच्या औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद उभं राहिलं. त्या पिढीनं हालअपेष्टा काढून या भागात कॉलेजं आणली, ती कपाटं राखण्यासाठी आणली नव्हती.

इंटरनेटवर सगळं आहे, ही सबब तर मला ऐकवूच नका. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रानं २०१० पासून कॉलेजांसाठी एन-लिस्ट ही सोय केली. हजारो नियतकालिकं आणि लाखांवर ई-पुस्तकं त्यात आहेत. सभासद कॉलेजातल्या विद्यार्थ्याला स्वतःचा लॉगिन मिळू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरांतल्या एकालाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून विद्यार्थ्यांनो, तुम्हीच आता गप्प बसू नका. प्रवेशाची पावती काढा, ग्रंथालय शुल्काच्या ओळीखाली रेघ मारा. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: कपाटं कामाच्या वेळेत उघडी ठेवावीत, आम्हाला पुस्तकं हातात घेऊन निवडू द्यावीत, परीक्षेच्या काळात पुस्तकं काढून घेऊ नयेत. दहा जणांनी सह्या करा, ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे, अनुदानित कॉलेजांनाही तो लागू आहे. गेल्या वर्षी किती पुस्तकं घरी वाचायला दिली, किती खरेदी केली, अनामतीचे किती पैसे परत केले, एवढे तीन प्रश्न विचारा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज कसा लिहायचा ते समजत नसेल तर बाळापूरला माझ्याकडे या, मी लिहून देतो.