उपचार बंद दाराआड नकोत

‘व्यवसायोपचार’ हा शब्द प्रथम ऐकणारा माणूस हमखास फसतो. पाच वर्षांच्या पोराला कसला आला आहे व्यवसाय, असे त्याला वाटते. परंतु मुलालाही व्यवसाय असतोच. हाताने जेवणे, बटण लावणे, खडू धरणे, चार पोरांत खेळणे हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा अन्य कारणाने ज्याला हे जमत नाही, त्याला ते जमावे म्हणून जे प्रयत्न होतात, तेच व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी.

ही विद्या आपल्याला नवी नाही. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचे भारतातील पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी सुरू केले. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई. १९५२ मध्ये या शास्त्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. असे असूनही मुरूड-श्रीवर्धनकडच्या आईला या उपचारांसाठी सहसा मूल कडेवर घेऊन अलिबाग, पनवेल नाही तर मुंबईच गाठावी लागते. मांडव्याला २०२० साली रो-रो आली, २०२४ मध्ये अटल सेतू झाला, पण एस. टी.तले तास आणि बुडालेली मजुरी त्याने भरून निघत नाही.

माझी मावसबहीण मुलाला घेऊन शहरातल्या एका खासगी केंद्रात आठवड्यातून दोनदा जात असे. मुलाला आत घेत, दार लागे आणि ती पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसून राही. पाच महिन्यांनी मी तिला विचारले, “आत काय करून घेतात गं?” ती म्हणाली, “कुणास ठाऊक! विचारलं तर म्हणतात, प्रगती आहे.”

माझा आक्षेप आहे तो या बंद दाराला. आठवड्याचे तास १६८. त्यातला दीड तास केंद्रात गेला, तरी उरलेले सगळे घरचेच. आईबापांना काही शिकवले नाही, तर त्या दीड तासाचे पुण्य कितीसे पुरणार? आईला पाहून मूल रडते, लक्ष देत नाही, असे काही उपचारक सांगतात. ते काही वेळा खरेही असेल. मग शेवटची दहा मिनिटे तरी तिला आत बोलवावे, करून दाखवावे आणि तिच्याकडून करून घ्यावे.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा मोठा आढावा घेतला. विशिष्ट ध्येय ठरवून केलेला सराव आणि घरी करायचा कार्यक्रम यांची गणना त्यांनी गुणकारी उपचारांत केली.

तेव्हा पैसे मोजणाऱ्या पालकांनी काय अपेक्षा ठेवावी? उपचारक पदवीधर व नोंदणीकृत असावा. पहिल्या भेटीत त्याने मुलाचा इतिहास विचारावा, त्याला खेळताना पाहावे. ध्येय लेखी आणि साधे असावे: ‘तीन महिन्यांत स्वतः चमच्याने जेवेल.’ मुदत संपताच त्याचा हिशेब व्हावा. ‘पूर्ण बरा करतो’ अशी हमी देणाऱ्यापासून आणि वर्षाची फी आगाऊ मागणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. मूल ‘बरे’ होईलच असे नाही. त्याचे परावलंबन कमी व्हावे, हीच खरी अपेक्षा.

घरचा सराव म्हणजे महागडी खेळणी नव्हेत. भिजवलेले वाल सोलताना जी चिमूट लागते, तीच बटणालाही लागते. ओल्या पुळणीवर बोटाने गिरवलेले अक्षर हीसुद्धा पाटीची तयारीच. मात्र कोणत्या मुलाला काय झेपेल हे उपचारकाने ठरवावे, आणि तोंडात वस्तू घालणाऱ्या मुलाजवळ मोठ्याने बसावे.

ज्यांना खासगी फी परवडत नाही, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची विमा योजना आहे. ‘बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत वर्षे घालवण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञाला आधी दाखवणे केव्हाही शहाणपणाचे.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. उपचार करणे आपले काम नव्हे. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गटारे उपसतो, तसे या योजनांचे अर्ज गावोगावी भरून देता येतील. बाकावर बसलेल्या आईला ‘दार ठोठाव आणि विचार’ एवढे सांगता येईल. ती फी भरते, म्हणून तिला विचारण्याचा अधिकार आहेच. आणि फी भरत नसती, तरी तो असताच.