घाट, जहाज आणि घसारा

गेल्या महिन्यात मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतले एक जुने परिचित सायंकाळी घरी आले. बँकेत असताना त्यांच्या वडिलांच्या दुसऱ्या मालमोटारीचे कर्जप्रकरण माझ्याच हातून मंजूर झाले होते. आज घरच्या अकरा गाड्या आहेत. चहा झाल्यावर ते हळूच म्हणाले, "साहेब, मुलगा गाड्या विकायच्या म्हणतो. गोदाम घ्यायचे, गाड्या भाड्याने लावायच्या, असे त्याचे गणित. वडिलांनी उभे केलेले असे मोडायचे का?"

मी तत्काळ उत्तर दिले नाही. ते गेल्यावर मात्र सोलापूरचे दोशी घराणे आठवले. आपल्या समाजात शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्यांच्या वाटचालीतला बदलाचा भाग मात्र आपण क्वचितच पाहतो.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरला झाला. घरचा व्यवहार सावकारीचा व कापसाचा. वडील हिराचंद नेमचंद हे 'जैन बोधक'चे प्रवर्तक, म्हणजे पेढीइतकीच समाजाचीही चिंता वाहणारे गृहस्थ. मुलाचे मन पेढीवर रमेना. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागी करून वालचंद लोहमार्गाच्या कंत्राटदारीत शिरले. म्हणजे या घराण्याचा वाहतुकीशी संबंध जुळला तोच मुळी वडिलोपार्जित धंदा सोडून. पुढे बोरघाटातील बोगद्यांचे काम त्यांनी केले आणि 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. अंबरनाथहून कर्जतमार्गे पुण्याला जाताना गाडी घाटातल्या अंधारात शिरते, तेव्हा हे स्मरण ठेवावे.

दरम्यान 1919 साली त्यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृती सहकाऱ्यांसह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले 'लॉयल्टी' हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतले होते. 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून विलायतेस निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज निघाले, पण नफा निघणे अवघड होते. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडे उतरवून कोंडी केली. अखेर 1923 मध्ये करार करून किनारी वाहतुकीतला मर्यादित वाटा पत्करावा लागला, आणि 'लॉयल्टी' मोडीत गेली. कंपनी मात्र टिकली. मालमोटारवाल्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे: माल असतो, गाडी असते, आणि समोरचा शंभर रुपये कमी घेऊन फेरी पळवतो. अशा वेळी ज्याच्या गाठीशी दम असतो, तोच उभा राहतो.

त्यानंतरचा क्रम पाहा. 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया, 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. विमानांचा कारखाना युद्धकाळातच सरकारच्या ताब्यात गेला. विशाखापट्टणमला बांधलेल्या 'जलउषा'चे 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले, पण पुढे ती गोदीही सरकारी झाली. 8 एप्रिल 1953 रोजी वालचंद निवर्तले. उद्योगांची धुरा गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंकडे आणि मग पुढच्या पिढीकडे आली.

वारसांच्या हाती काय उरले? प्रीमियरची पद्मिनी टॅक्सी होऊन मुंबईच्या रस्त्यांवर मिरवली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेमुळे निरोप घेऊन गेली. आपल्या कल्याणजवळच्या कारखान्यातून निघालेली प्यूजो फार काळ चालली नाही. उलट, वाहन न बाळगता वाहनांसाठी वाट बांधणारी शाखा पुढे गेली. 2009 मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू हिंदुस्थान कन्स्ट्रक्शननेच बांधला.

येथे माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. कर्जप्रकरणे तपासताना मी नेहमी एक गोष्ट पाहत असे. गाडीचे हप्ते फिटले की मालक म्हणतो, "आता सगळा नफा." वस्तुतः गाडी रोज झिजत असते. तो घसारा बाजूला न टाकता घरखर्चात गेला, तर कुटुंब नफा खात नसते, भांडवल खात असते. दहा वर्षांनी नवी गाडी घ्यायची वेळ येते तेव्हा हाती जुने लोखंड आणि नवे कर्ज, एवढेच राहते. पहिल्या पिढीने पोट मारून जमवलेले तिसऱ्या पिढीत विरते, ते बहुधा असे, कोणाच्याही उधळपट्टीविना.

पुढच्या रविवारी मी पितापुत्रांना एकत्र बोलावले. खातेवही उघडली. अकरांपैकी पाच गाड्या चौदा वर्षांच्या पुढे गेलेल्या, आणि घसाऱ्याच्या नावे एक पैसाही बाजूला नाही. वडील बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग मी मुलाला विचारले, "गाड्या गेल्या तर चालकांचे काय? दोघे तर तुझ्या आजोबांच्या वेळचे आहेत." तो निरुत्तर झाला. हा आकडा त्याच्या गणितात नव्हता.

दोन तास बोलणे झाले. जुन्या पाच गाड्या विकायच्या. त्या पैशातून प्रथम चालकांची देणी चुकती करायची आणि ते दोघे वृद्ध चालक गोदामावर कामाला घ्यायचे. गोदाम तूर्त विकत न घेता वर्षभर भाड्याने चालवून पाहायचे. उरलेल्या सहा गाड्यांचा घसारा दरमहा वेगळ्या खात्यात टाकायचा, आणि त्या खात्यावर पितापुत्र दोघांच्या सह्या. पेढीचे नाव तेच राहील.

निघताना वडील दारात थांबले. "साहेब, दुसरी गाडी तुम्हीच मंजूर केली होती. ती या पाचांतली नाही, कधीच मोडीत गेली. वडिलांनी स्वतःच विकली होती, हे मी विसरलोच होतो."

वाचकहो, आपापल्या खातेवहीत घसाऱ्याचे पान आहे का, एवढे या महिन्यात अवश्य पाहावे.