कुत्रं चोरलं म्हणण्याआधी त्याच्या गळ्यात काय होतं ते सांगा



या पानावर मी बोंडअळी, तुरीची शेंडे खुडणी, हरभऱ्याचा मर असंच लिहीत असतो. आज कुत्र्यावर लिहितो. कोणी म्हणेल, काकाजीले आता काम राहिलं नाही वाटते. पण ज्याचं वावर जंगलाच्या कडेला आहे आणि रात्री रोह्याचा कळप हरभऱ्यात उतरतो, त्याला कुत्रं म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

मागच्या दिवाळीत आमचा भुऱ्या हरपला. लक्ष्मीपूजनाची रात्र होती. पोरांनी कोठ्याच्या मागं फटाक्याची लड लावली, अन् भुऱ्यानं दावं तोडून जे पळ काढला तो पांदणीनं अंधारात दिसेनासा झाला. सकाळी येईल म्हणून आम्ही झोपलो. सकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

गाव म्हटलं की दहा तोंडं. कोणी म्हणे बिबट्यानं नेला, कोणी म्हणे ट्रकखाली आला. पण बहुतेकांचं एकच, "चोरला बाप्पा. ते पालवाले उतरले आहेत न नाल्याकाठी, त्याहीनंच नेला." मलाही ते पटलं. पटायला पुरावा लागत नाही, राग पुरतो. मी दोन माणसं घेऊन पालावर गेलो, आवाज चढवूनच.

तिथं एक म्हातारी चूल पेटवत बसली होती. तिनं काही वाद घातला नाही. पालातली चारही कुत्री हाक मारून समोर आणली. चारहींच्या गळ्यात दोरा, त्यात रंगीत मणी, एकाच्या गळ्यात कवडी. म्हणाली, "दादा, ही आमची. तुह्या कुत्र्याच्या गळ्यात काय होतं?"

मी गप्प. भुऱ्याच्या गळ्यात नायलॉनच्या दोरीचा तुकडा होता, आणि तोही दाव्यासोबत कोठ्यातच तुटून पडला होता.

इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगार असा शिक्का मारला. देश स्वतंत्र झाल्यावर 1952 साली तो कायदा गेला. पण त्या दिवशी माझ्या डोक्यातला शिक्का काही गेला नव्हता. ज्याला घर नाही त्याच्यावर आळ घ्यायला आपल्याला काही लागत नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन म्हातारीची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "भेटला का पण?"

भेटला. एकोणीस दिवसांनी. दिग्रसकडच्या रस्त्यावर, आमच्या गावापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर, एका बऱ्या शेतकऱ्याच्या वावरात बांधलेला. खाऊन-पिऊन गुटगुटीत झाला होता. नाव पडलं होतं टायगर. दूध गोळा करणाऱ्या पोरानं ओळखलं आणि मला फोन केला.

तो शेतकरी माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं, "रस्त्यावर उपाशी फिरत होतं, चांगलं दिसलं, आणलं. तुमचंच कशावरून?" माझ्या नातीच्या मोबाईलमध्ये फोटो होता, डाव्या कानाचा तुकडा तुटलेला त्यात दिसत होता. लसीचं कार्ड होतं. आणि मी हाक मारल्यावर भुऱ्यानं खुंटा उपटायचाच बाकी ठेवला. मग तो माणूस दोर सोडता सोडता बोलला ते माझ्या मनात बसलं. "काका, गळ्यात नंबर असता तर मी त्याच दिवशी फोन केला असता."

मंडळी, माझं मत एवढ्याच गोष्टीवर उभं आहे. कुत्री चोरणारे असतील, जातिवंत पिल्लं विकणारेही असतील. पण आपल्या भागातली बरीच कुत्री चोर नेत नाही. ती आपल्यासारखी चांगली माणसंच नेतात, मोकाट समजून. आणि मोकाट का समजतात, तर आपण त्याच्या गळ्यात काही बांधत नाही म्हणून.

पाहा न. गाईच्या कानात बारा अंकी नंबरचा पिवळा बिल्ला आहे. मोटारसायकलला नंबर आहे. स्टीलच्या ताटावरसुद्धा आपण नाव टाकून आणतो, लग्नात बदलू नये म्हणून. रात्रभर वावर राखणाऱ्या जनावराच्या अंगावर मात्र मालकाचं एक अक्षर नाही.

काही जण म्हणतील, कुत्रं आहे, येते वास काढत. येते, खरं आहे. 2024 च्या आषाढी वारीतली गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. बेळगाव जिल्ह्यात निपाणी तालुक्यातलं यमगर्णी गाव. तिथलं महाराज नावाचं काळं कुत्रं मालकासोबत पायी पंढरपूरला गेलं. तिथं गर्दीत चुकलं. मालक शोधून थकला आणि गावी परतला. अन् हे बेटं अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट काढत आपल्या दारात येऊन शेपूट हलवत उभं. गावानं हार घातला, जेवणावळ केली.

ती गोष्ट वाचून माझेही डोळे भरले. पण बातमी का झाली ते ध्यानात घ्या. असं रोज होत असतं तर कोणी छापलं नसतं. आणि त्या अडीचशे किलोमीटरमध्ये कोणी "चांगलं दिसलं" म्हणून बांधून ठेवलं नाही, हे त्याचं नशीब. भुऱ्याला पंधरा किलोमीटरची वाट माहीत नव्हती असं मला वाटत नाही. तो दोराला बांधलेला होता.

आता कायद्याचं. मी दहावी पास माणूस, पण हे मी वकिलाकडून समजून घेतलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात चोरीचं कलम 303. चोरी कशाला म्हणायचं हे सांगताना कायद्यानं उदाहरणं दिली आहेत, त्यात एक कुत्र्याचंच आहे. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचं कुत्रं आपल्यामागं यायला लावलं आणि मनात ते लांबवायचं असलं, तर कुत्रं मागं चालू लागलं त्याच क्षणी चोरी झाली. घरी नेऊन बांधायचीही गरज नाही.

आणि सापडलेल्या वस्तूचंही कलम आहे, 314. सापडलेली वस्तू जपून ठेवणं, मालकाला द्यायला ठेवणं, हा गुन्हा नाही. पण मालक कोण ते माहीत असताना, किंवा शोधायचा नीट प्रयत्न न करताच ती आपली करून टाकणं, हा गुन्हा. म्हणजे "सापडलं म्हणून आणलं" एवढं म्हणून भागत नाही. चार गावांत विचारावं लागते.

पण याच कायद्यात एक गोम आहे. चोरलेल्या मालाची किंमत 5000 रुपयांपेक्षा कमी असली, तर तो गुन्हा अदखलपात्र. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल परत केला तर शिक्षा समाजसेवेची. आता सांगा, गावठी कुत्र्याची किंमत कोण 5000 धरणार? बाजारात त्याला किंमतच नाही. शहरातल्या लॅब्रॅडॉरची चोरी दखलपात्र, अन् भुऱ्याची अदखलपात्र. ज्या जनावराच्या जिवावर आमचा हरभरा घरी येतो, त्याची किंमत शून्य.

गंमत अशी की कुत्र्याला मारलं, विष घातलं, तर कलम 325 लागते आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात आता किंमत विचारत नाहीत. आधीच्या कायद्यात तिथंही 10 रुपये नि 50 रुपये अशी किंमत लिहिलेली होती, ती काढून टाकली. मग चोरीतही जनावरापुरती किंमत काढायला काय हरकत होती? हे माझं मत आहे. वकील मंडळींनी चुकत असेल तर सांगावं.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. मी भुऱ्या आल्यावर काय केलं ते सांगतो.

भांड्याच्या दुकानात नाव टाकणारी मशीन असते. तिथं स्टीलच्या छोट्या चकतीवर दोन मोबाईल नंबर कोरून घेतले, एक माझा, एक पोराचा. खाली गावाचं नाव. कुत्र्याचं नाव टाकलं नाही. ज्याला न्यायचं आहे त्याला हाक मारायला नाव कशाला द्यायचं? चकती पट्ट्याला लोंबती ठेवू नका, रिपिटानं सपाट बसवा. लोंबती चकती तारेच्या कुंपणात अडकते. पट्टा कापडी किंवा चामडी, आणि गळ्यात दोन बोटं सहज जातील एवढा ढिला. पिल्लाचा पट्टा दर पंधरा दिवसांनी पाहा, वाढत्या गळ्याला काचतो. चकती मिळेपर्यंत पट्ट्यावर पक्क्या शाईच्या पेनानं नंबर लिहा, पावसाळ्यात पुन्हा गिरवा.

फोटो काढून ठेवा. तोंड, दोन्ही बाजू, आणि एखादी खूण जवळून. कान, शेपटी, पंजाचा रंग, जुनी जखम. पिसाळण्याची लस वर्षाला एकदा द्याच. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी. लसीच्या कार्डावर रंग आणि खूण लिहून घ्या. ते कार्ड पुराव्याच्या कामी येते, माझ्या कामी आलं.

नर कुत्रं मादीच्या मागं चार गावं फिरते आणि तिकडंच राहते. ज्यांना पिल्लं नको त्यांनी नसबंदी करून घ्यावी, भटकणं पुष्कळ कमी होते. त्यानं राखण कमी करते हा गैरसमज आहे. दिवाळीच्या चार रात्री अन् लग्नाच्या वरातीच्या वेळी कुत्रं घरात, आतल्या खोलीत ठेवा. ही चूक मी केली, तुम्ही करू नका.

मायक्रोचिपचं कोणी विचारेल. तांदळाएवढी चिप खांद्याच्या मधात कातडीखाली बसवतात, तिच्यात 15 अंकी नंबर असतो. चांगली गोष्ट आहे. पण ती वाचायला यंत्र लागते, आणि दिग्रस रस्त्यावरच्या शेतकऱ्याकडं ते यंत्र कुठून येणार? आपल्याकडं चकतीच बरी. ती वाचायला डोळे पुरतात.

हरपलंच तर पहिल्या रात्रीच शोधा, मी झोपलो तसं झोपू नका. घाबरलेलं कुत्रं आधी जवळच्याच नाल्यात, पऱ्हाटीत, पुलाच्या नळीत दडून बसते. ज्याच्या हातची भाकर खाते त्यानंच हाक मारावी, दहा जणांनी गलका करू नये. त्याची रोजची गोधडी अन् पाणी बाहेर ठेवा. मग दूधवाले, एसटीचे चालक-वाहक, ट्रॅक्टरवाले, धाब्यावाले आणि बाजाराच्या दिवशी दारव्ह्यात येणारी माणसं, यांना फोटो द्या. गुरांच्या दवाखान्यात सांगून ठेवा. पोलिसांत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तपास झाला नाही तरी कुत्रं सापडल्यावर ते तुमचंच हे सांगायला तारखेचा कागद राहतो.

आणखी एक. 2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशन अशा जागांवरून मोकाट कुत्री हलवायला सांगितलं आहे. तुमचं कुत्रं उद्या बस स्थानकावर सापडलं आणि गळ्यात काही नसलं, तर ते कोणाचं हे कोणी का शोधत बसावं?

पशुवैद्यकीय अधिकारी आणि कृषी विभागाची जी मंडळी हे वाचतात त्यांना विनंती. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी गावात लसीचं शिबिर घेता, तेव्हा नंबर कोरणाराही सोबत बसवा. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा, मालक, मोबाईल, कुत्र्याची खूण, लसीची तारीख. एका वहीत दोन कामं होतात. कुत्रं चावलं तर लस झाली होती का ते कळते, अन् हरपलं तर कोणाचं ते कळते.

शेवटी एक जुनी गोष्ट. आमच्या दारव्हा-दिग्रस भागात बंजारा तांडे पुष्कळ. छत्तीसगडात बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचं देऊळ आहे, त्याची कथा एका बंजाऱ्याचीच. त्यानं कर्जापोटी आपलं कुत्रं सावकाराकडं गहाण ठेवलं. सावकाराकडं चोरी झाली, कुत्र्यानं चोरीचा माल दाखवून दिला. सावकारानं खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला घरी पाठवलं. मालकाला वाटलं, हे वचन मोडून पळून आलं. रागात त्यानं काठी घातली. कुत्रं मेल्यावर त्याला गळ्यातली चिठ्ठी दिसली.

त्या कुत्र्याच्या गळ्यात चिठ्ठी होती, पण मालकानं पाहिली नाही. आपण तर चिठ्ठीच बांधत नाही, अन् रस्त्यावरचं दुसऱ्याचं कुत्रं दिसलं की गळा पाहत नाही, अंगकाठी पाहतो.

आज संध्याकाळी आपल्या कुत्र्याच्या गळ्यात नंबर बांधा. आणि तुमच्या कोठ्यात एखादं "सापडलेलं" कुत्रं असेल, तर आधी त्याचा फोटो चार गावांत फिरवा. कोणाचा तरी भुऱ्या असेल तो.