सदर आणि खलबतखाना

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी देशात बारा नवी औद्योगिक नगरे वसविण्यास मान्यता दिली. त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याचे नगर दिघीच्या नावाने ओळखले जाते. नाव दिघीचे असले तरी योजनेची सुमारे सहा हजार एकर जमीन खाडीच्या मुखापासून बरीच आत, रोहा-माणगावच्या बाजूस आहे. बंदराचे नाव कागदावर चढावे आणि पैसा घाटाच्या पायथ्याशी थांबावा, ही गोष्ट कोकणाला नवी नाही. असो. साडेपाच हजार कोटींच्या आसपास खर्च आणि एक लाखाहून अधिक रोजगार, असे या योजनेचे जाहीर झालेले आकडे आहेत. या लाखभर माणसांतील सगळीच यंत्रासमोर उभी राहणार नाहीत. त्यांत लेखनिक, हिशेबनीस, आरेखक, जकातीची कागदपत्रे पाहणारे दलाल, संगणकावर काम करणारी मुले-मुली असतील. ही माणसे कोठे आणि कशी बसणार, हा प्रश्न आज क्षुल्लक वाटेल. परंतु इमारत एकदा उभी राहिली की तिच्या भिंती पन्नास वर्षे हलत नाहीत. प्रश्न विचारायची वेळ आराखडा कागदावर असतानाच असते.

अलीकडे 'को-वर्किंग' नावाची व्यवस्था मुंबई-पुण्यात चांगलीच रुजली आहे. आपण तिला सामाईक कार्यालय म्हणू. एक इमारत, एक वीजजोडणी, एक चहावाला. आणि निरनिराळ्या पेढ्यांची वा एकट्यादुकट्या व्यावसायिकांची माणसे जागा भाड्याने घेऊन तेथे काम करतात. सॅन फ्रान्सिस्को येथे २००५ साली एका संगणकतज्ज्ञाने याचा आरंभ केला. पुढे त्यावर अब्जावधींचे व्यवहार उभे राहिले आणि त्यांतील सर्वांत गाजलेली 'वी-वर्क' ही अमेरिकन कंपनी २०२३ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. पण मूळ कल्पना तिच्याबरोबर बुडाली नाही. या कार्यालयांत दोन प्रकारची जागा मिळते. मोकळ्या दालनातील लांब मेजावरची खुर्ची स्वस्त असते. दार असलेली स्वतंत्र खोली महाग असते.

दिघीच्या किनाऱ्याला ही व्यवस्था मुंबईहून अधिक उपयोगी पडेल. टाळेबंदीच्या २०२० सालात चाकरमानी गावी परतले, तेव्हा त्यांतील काहींना प्रथमच कळले की मुंबईचे काम श्रीवर्धनच्या पडवीत बसूनही होऊ शकते. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. त्याने छपरे उडविली, सुपारीच्या बागा आडव्या केल्या आणि विजेचे खांब असे मोडले की अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. तेव्हा दुसरीही गोष्ट कळली : एकट्या घराला जे परवडत नाही, म्हणजे खात्रीची वीज, खात्रीचे इंटरनेट, पावसाळ्यात न गळणारे छप्पर, ते चाळीसजणांनी मिळून घेतले तर परवडते. एखाद्या पतसंस्थेने, ग्रामपंचायतीने किंवा खाजगी मालकाने उद्या दिघीत, म्हसळ्यात वा श्रीवर्धनला असे कार्यालय काढले, तर गाव सोडून जाणाऱ्यांपैकी थोडे तरी थांबतील. मात्र ते कार्यालय बसण्याजोगे हवे.

मोकळ्या दालनाचे समर्थक सांगतात की भिंती काढल्या म्हणजे माणसे एकमेकांशी बोलतात, विचारांची देवाणघेवाण होते, साहेब-कारकून हा भेद मावळतो. कल्पना मोहक आहे. तिचा इतिहास तितका मोहक नाही. अमेरिकेतील बफेलो येथे फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पकाराने लार्किन कंपनीसाठी १९०६ साली पुरी केलेली इमारत प्रसिद्ध आहे. मधल्या उंच, प्रकाशमान चौकात कारकुनांच्या रांगा आणि भोवती सज्जे. ही रचना डोळ्यांना सुंदर होती, आणि पर्यवेक्षकालाही सोयीची होती. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत भिंती काढून मेजे व कुंड्या निसर्गदृश्याप्रमाणे मांडण्याची टूम निघाली. पण १९७० नंतर जर्मनी आणि स्कँडिनेव्हियात कर्मचाऱ्यांना आपल्या कामाच्या जागेविषयी बोलण्याचा अधिकार मिळू लागला, तसतशा खिडकीलगतच्या स्वतंत्र खोल्या परत आल्या. हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांना तेथे दिवसाचे आठ तास बसायचे, त्यांना विचारले तेव्हा त्यांनी दार आणि खिडकी मागितली.

विचारांच्या देवाणघेवाणीचा दावाही तपासून झाला आहे. बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती काढण्यापूर्वी व काढल्यानंतर माणसे परस्परांशी किती बोलतात, हे अंगावर लावलेल्या यंत्रांनी मोजले. समोरासमोरचे बोलणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले आणि संगणकावरचे निरोप वाढले. यात नवल ते काय? चाळीत राहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. सर्वांच्या कानांवर जाईल अशा जागी माणूस जपून बोलतो, किंवा बोलतच नाही. आणि शेजारचा बोलत असेल तर त्याचा आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्याचे शब्द कळतात की नाही, यावर आपले काम अडते. पाऊस कौलांवर कितीही कोसळो, बेरीज चुकत नाही. मागच्या मेजावर कोणी मुलाच्या लग्नाची बोलणी करू लागला की चुकते. वर्गांच्या मधल्या अर्ध्या भिंतीवरून पलीकडचे पाढे ऐकत गणित शिकविलेल्या प्रत्येक शिक्षकाला याचा अनुभव आहे.

तर मग सर्वांना खोल्याच द्याव्यात काय? तेही नाही. खोली महाग पडते, आणि एकट्याने खोलीत बसून काम करणाऱ्या तरुणाला आधीच घरात तेवढे एकटेपण आहे. नुकताच व्यवसायात पडलेला हिशेबनीस अनुभवी माणसाच्या शेजारी बसून जे शिकतो, ते बंद दाराआड शिकत नाही. शिवाय आपल्याकडे खोलीचा अर्थ फार लवकर बदलतो. ती कामाची गरज राहत नाही, दर्जाची खूण होते. सरकारी कचेरीत पाहावे. ज्याला दिवसभर आकडे जुळवायचे असतात तो लेखनिक अभ्यागतांच्या गर्दीत दाराशी बसतो. आणि ज्याचा निम्मा दिवस बैठकांना बाहेर जातो त्या साहेबांची खोली थंड आणि रिकामी असते. शांतता गरजेप्रमाणे वाटली जात नाही, वेतनश्रेणीप्रमाणे वाटली जाते. सामाईक कार्यालयात वेतनश्रेणीची जागा भाडे घेते, इतकाच फरक.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात दगडात बांधलेले आहे. रायगडावर राजसदर आहे आणि खलबतखानाही आहे. सदरेवर दहा जणांदेखत बोलायचे, आणि ज्या गोष्टीला एकांत हवा तिच्यासाठी खलबतखान्यात उतरायचे. 'खलबत' या शब्दाचे मूळच एकांत असा अर्थ सांगते. श्रीवर्धनचे देशमुख असलेले भट घराणे पुढे पुण्यास पेशवे झाले, तेव्हा त्यांच्या दफ्तरातही कारकुनांच्या लेखनाची बैठक होती, ती फड.  पण नाना फडणविसांनी राज्याची गुपिते फडावर उघडली असतील, असे कोणी म्हणणार नाही. आपले साधे कोकणी घरसुद्धा हेच जाणते. येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ओटी, कामासाठी पडवी, घरच्यांसाठी माजघर आणि बाळंतिणीसाठी वेगळी खोली. अमुकच एक चांगले, असा वाद त्या घराने कधी घातला नाही.

याहून अलीकडचे उदाहरण पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांचे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खेड्यापाड्यांतून आलेले विद्यार्थी तेथे महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची घेतात. दालन एकच, पण बहुतेक ठिकाणी मेजांच्या मधे फळ्या असतात, आत बोलायचे नाही हा दंडक असतो आणि चर्चा जिन्यात किंवा चहाच्या टपरीवर होते. कोणा परदेशी वास्तुतज्ज्ञाचा सल्ला न घेता, गरजेतून ही रचना घडली आहे. तिचे दोषही आहेत. हवा कोंडते आणि जागा दाटीची असते. तरीही आपला अल्प पैसा खर्चून जागा निवडणारा विद्यार्थी शांततेसाठी पैसे मोजतो, ही बाब दिघीत कार्यालय बांधू पाहणाऱ्याने लक्षात ठेवावी.

कोकणच्या हवेचाही विचार हवा. काचेची बंद दालने वातानुकूलित करून ठेवायची म्हणजे वीज गेली की सगळेच उठून बाहेर येणार. त्यापेक्षा समोरासमोर खिडक्या, खोल पडवी आणि उंच छप्पर असलेले मध्यम आकाराचे दालन बरे. त्यात बोलणे मना असावे; बोलण्यासाठी पडवी मोकळी आहे. दालनाच्या कडेला दार लागणाऱ्या चार-पाच लहान खोल्या असाव्यात आणि त्या कोणा एकाला महिन्याच्या कराराने देऊ नयेत. तासाच्या हिशेबाने, खुर्चीच्या भाड्यातच, सर्वांना मिळाव्यात. वकिलाला पक्षकार भेटायचा आहे, आखातातील नवऱ्याशी एखादीला पैशांचे बोलायचे आहे, कोणाची दूरस्थ मुलाखत आहे, कोणाला तान्हे मूल पाजायचे आहे. या गरजा तासाभराच्या असतात, पण त्या तासापुरते दार लागलेच पाहिजे. आणि आराखडा मंजूर करण्यापूर्वी, आगरदांड्याच्या जंगलबोटीतून रोज ये-जा करणाऱ्या दहा तरुणांना बोलावून तो त्यांच्यापुढे पसरावा.