ओरडणारं माणूस

यंदाच्या जुलैतला एक रविवार. मांडूला रूपमती मंडपाच्या पायथ्याशी भुट्टे भाजणाऱ्यांच्या शेगड्या फुलल्या होत्या आणि ढग अंगाला घासून जात होते. इंदूरच्या कुठल्याशा कॉलेजची बस येऊन थांबली आणि मुलं थेट वरच्या छत्र्यांकडे पळाली. मंडपापलीकडचा कडा सुमारे 365 मीटर खाली निमाडात उतरतो, त्यामुळे तिथे फोटो झकास येतात. तेवढ्यात दूरवर गडगडलं. एका भुट्टेवाल्या आजोबांनी हातातला पंखा खाली टाकला आणि ते ओरडले, "बच्चों, नीचे उतरो! पेड़ के नीचे नहीं, बस में बैठो!" चार-पाच मुलं तोवर गोरखचिंचेच्या खोडाला जाऊन चिकटलीही होती. आजोबांनी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

आजोबांचं बरोबर होतं. एकटं उंच झाड विजेला सोयीचं पडतं. पत्र्याची बंद गाडी मात्र ती अंगावरून वाहून जमिनीत उतरवते, आतली माणसं वाचतात. मीही त्याच बसमध्ये चढलो. शेजारी देवासची एक मुलगी होती, घरी मराठी बोलणारी. म्हणाली, "काका, होस्टेलला आग लागली तर कुठे जमायचं ते आम्हाला शिकवलंय. विजेचं कोणी काही सांगितलं नाही. घरी ढग दाटले की आई ओरडते, गच्चीवरून खाली ये म्हणून. होस्टेलला ओरडायला कोण आहे?"

यंदाचा दिवाळी अंक त्या प्रश्नातून निघाला आहे.

घराला हवेचं भान असतं. वारा फिरला की वाळवण आत येतं, कुठली खिडकी पाणी घेते ते ठाऊक असतं, लाइट गेली तर काडेपेटी कुठे आहे ते अंधारातही हाताला कळतं. हे कोणी लिहून ठेवत नाही. ओरडून ओरडून ते पुढच्या पिढीत जातं. अठराव्या वर्षी मूल इंदूरला, पुण्याला, दिल्लीला जातं तेव्हा लाडू-चिवड्याचा डबा सोबत जातो, हे भान मात्र घरीच राहतं. नव्या गावात पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं, याचा त्याला पत्ता नसतो. पुढच्या वर्षी खोली बदलते, वॉर्डन बदलतो, आणि गेल्या पावसात कोणी काही शिकलं असेल तर तेही सामानाबरोबर निघून जातं.

याची किंमत आपण पाहिली आहे. 27 जुलै 2024 च्या संध्याकाळी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये एका शिकवणीवर्गाच्या तळघरात पाणी शिरलं आणि स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी तीन मुलं बुडून गेली. मंजुरीच्या कागदांवर ते तळघर सामानासाठी आणि गाड्यांसाठी होतं, प्रत्यक्षात तिथे वाचनालय चालत होतं. त्याआधी, 11 जुलै 2021 ला, जयपूरजवळ आमेरच्या किल्ल्यासमोरच्या बुरुजावर पाऊस बघायला चढलेल्या लोकांवर वीज पडली आणि दहाहून अधिक जण गेले. रूपमती मंडपाच्या छत्र्या पाहिल्या की मला तो बुरूज आठवतो. देशात वर्षाला अडीच हजारांहून अधिक माणसं विजेने मरतात, आणि आपला मध्य प्रदेश त्या यादीत वरच्या रांगेत आहे.

खरं तर तयारी कशी करावी हे मांडूइतकं कोणाला ठाऊक असेल? या पठारावर नदी नाही. तरी शहर वसलं ते पावसाच्या भरवशावर, आणि त्या भरवशाला चुन्या-दगडाचा आधार होता. जहाज महालाच्या गच्चीवरची पन्हळ नीट पाहा. ती सरळ धावत नाही, वेटोळी घेत जाते. वळणावळणावर पाण्याचा वेग मरतो, गाळ खाली बसतो आणि निवळलेलं पाणी पुढे जातं. 1617 चा पावसाळा जहांगीर बादशहाने इथे काढला. तलावांच्या काठी आणि महालांवर लावलेले दिवे पाण्यात कसे दिसले, ते त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी त्याच्या लवाजम्यासोबत आलेला इंग्रज वकील टॉमस रो मात्र पाण्याच्या टंचाईने बेजार झाला होता. डोंगर एक, वर्ष एक. एकाला दिव्यांचं प्रतिबिंब मिळालं आणि दुसऱ्याला विहिरीची चिंता.

याच मांडूत विद्यार्थ्यांच्या खोल्याही होत्या. जामा मशिदीसमोरचा अशरफी महाल हा मुळात सुलतान महमूद खिलजीच्या काळातला मदरसा. पुढे त्याच आवारात मेवाडवरच्या विजयाचा सात मजली मनोरा उभा राहिला आणि सुलतानाची भलीथोरली कबरही बांधली गेली. दोन्ही कोसळलं. कबरीच्या बाबतीत जाणकार घाईतल्या सदोष बांधकामाला दोष देतात. मनोऱ्याचा खालचा एक मजला शिल्लक आहे. शिकणाऱ्या मुलांच्या त्या बुटक्या, जाड भिंतींच्या खोल्या मात्र बऱ्याच प्रमाणात शाबूत आहेत. पावसात मी त्यांतल्या एकीत उभा राहिलो आहे. बाहेर पाणी कोसळत असतं आणि आत पुस्तक कोरडं राहील, अशी ती जागा आहे.

घाईची शिक्षा आणि वेळेवरच्या हाकेचं मोल, दोन्ही मांडूच्याच धार जिल्ह्याने अलीकडेच एकाच आठवड्यात पाहिलं. ऑगस्ट 2022 मध्ये धरमपुरी तालुक्यात कारम नदीवरच्या, बांधकाम चालू असलेल्या धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली 18 गावं रिकामी केली, लष्कर बोलावलं, बाजूने चर खणून 14 ऑगस्टला पाणी काढून दिलं. एकही जीव गेला नाही. धरण कच्चं निघालं, पण हाक वेळेवर गेली आणि लोक उठून चालू लागले.

आता हाक द्यायला यंत्रंही आली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे मोफत ॲप तुमच्या आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडते आहे का ते सांगतं. हवामान खात्याचे रंगही पाठ करण्याइतके सोपे आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हला. एका दिवसात 64.5 मिलिमीटर ओलांडले की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं. 204.4 च्या वर गेला की वरच्या टोकाचा. पण मोबाइलवर लाल पट्टी झळकली आणि कुठल्या खोलीत जायचं तेच माहीत नसलं, तर त्या पट्टीचा स्टेटस ठेवण्यापलीकडे उपयोग काय?

म्हणून प्रत्येक वसतिगृहाने वर्षातून एकदा, मृग लागण्याआधी, एक तालीम घ्यावी. अर्धा तास पुरे. मेसच्या दारावर एक कागद लावावा: गच्चीची किल्ली कोणाकडे, इमारतीवर वीजरोधक आहे का, पाणी साचलं तर कुठला मजला, दमेकरी आणि इन्सुलिन घेणारी मुलं कोणत्या खोल्यांत, 108 ला पत्ता नेमका कसा सांगायचा. गडगडाट ऐकू आला की पक्क्या छताखाली जायचं आणि शेवटचा गडगडाट थांबल्यावर आणखी 30 मिनिटं तिथेच थांबायचं. तेवढ्या वेळात नळाखाली अंघोळ नको, चार्जिंगला लावलेला फोन कानाला नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर ताबडतोब छाती दाबायला लागा. हे ठाऊक नसल्याने आजूबाजूचे लोक नुसते बघत राहतात.

हवामान म्हणजे नुसता पाऊसही नव्हे. पावलोपावली पाणी मिरवणाऱ्या माळव्यात 1990 मध्ये देवासला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावं लागलं होतं. मे महिन्यात परीक्षेसाठी थांबलेल्या मुलांच्या होस्टेलची टाकी कोरडी पडली, तर तेही संकटच.

या अंकाच्या विशेष विभागाला आम्ही 'हवा-पाणी' हा आपला माळवी शब्द दिला आहे. कुमार गंधर्व 1948 मध्ये देवासला आले ते या कोरड्या हवेसाठीच, फुप्फुसं बरी करायला. पुढे याच मातीत त्यांना पावसाळी गीतांचा 'गीतवर्षा' हा कार्यक्रम सुचावा, ही गंमत या विभागातल्या पहिल्याच लेखात भेटेल. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांची पत्रं आहेत, वॉर्डनची कैफियत आहे, दोन कथा, कविता आणि नेहमीचं राशिभविष्यही आहे. हवामानाचं भविष्य अलीकडे त्याहून जास्त खरं ठरतं, एवढं राशिभविष्यकारांनी रागावू नये.

दिवाळीची तयारी आपल्याकडे महिनाभर आधी सुरू होते: माळे झाडले जातात, भाजणी दळून येते, पणत्या पाण्यात भिजत पडतात. एवढी तयारी ज्यांच्या वाटेकडे डोळे लावून करायची, ती मुलं आता मळक्या कपड्यांची बॅग घेऊन घरी येतील. मार्क विचारू, मेसचं जेवण विचारू. यंदा चकलीची ताटली पुढे सरकवताना आणखी एक विचारा: "तुमच्या होस्टेलच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते रे?"

उत्तर आलं नाही, तर सुट्टी संपवून परत जाताच ते शोधायचं काम त्याच्यावर सोपवा. प्रत्येक होस्टेलला एक ओरडणारं माणूस लागतं. ते आपल्या घरून जावं.



— संपादक